वेणीचे दोन हिसके

हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं आहे. कुसुमच्या वडलांनी आम्हा मैत्रिणींना समोर बसवून बजावलं होतं, "सोयरीक का लांबली असं कुणी इचारलं तर मुहूर्त न्हवता म्हनायचं. बास!" मी तशीही फार बोलत नाही. पण आमच्या शनिवारच्या वर्गातले किस्से म्हणजे खोलीत भरून ठेवलेला कांदा. दार लावलं तरी वास यायचा तो येतोच! शिवाय मी बोलत नाहीये, लिहितेय.

हा वर्ग आमच्या बाईंनी काढला. बाई पुण्याहून बारामतीला आल्या आणि इथल्या मुलींना चारचौघांत उभं राहून बोलता येत नाही, हे पाहून थक्क झाल्या. मग शनिवारी शाळा सुटली की थांबायचं. एकीनं भाषण करायचं. बाकीच्यांनी आधी गुण सांगायचा, मग दोष, मग उपाय. "नुसता दोष सांगाल तर याद राखा," बाई म्हणाल्या, "आणि नुसता गुण सांगाल तरीही!"

*

पहिला नंबर माझा, म्हणजे मालाचा. विषय, 'माझा आवडता ऋतू'. मी टेबलाची कड धरून उभी राहिले, खिडकीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि खाली बसले.

"गुण?" बाईंनी विचारलं.

शेवटी नूरजहाँनं हात वर केला. "बाई, अख्ख्या भाषणात एकही चूक नव्हती!"

"दोष?"

"जरा लवकर संपलं."

उपाय कुणालाच सुचला नाही.

*

कुसुमचं माझ्या उलट. ती पिंपळीची. बांधावरून हाका मारायची सवय, त्यामुळे वर्गातही ती पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलल्यासारखी बोलते. ती स्वच्छतेवर बोलत होती तेव्हा शेजारच्या वर्गात शिक्षा म्हणून थांबवलेल्या मुलांचं शुद्धलेखन चालू होतं. गुरुजींचा आवाज बारीक. मुलांनी सरळ कुसुमचं भाषण उतरवून घेतलं. गुरुजींनी तपासलंही!

*

नूरजहाँच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान आहे. तिनं बाईंचा नियम तिथं नेला. एक काकू हिरव्या बांगड्या भरून हात पुढे करून म्हणाल्या, "कशा दिसत्यात गं?"

"गुण, रंग उठून दिसतोय. दोष, मनगट फार जाड दिसतंय. उपाय, नुसता दोरा बांधा."

काकू बांगड्या उतरवून निघून गेल्या. अब्बांनी बांगड्या खोक्यात परत ठेवल्या. मग म्हणाले, "गुण, पोरगी खरं बोलती. दोष, दुकानात बोलती. उपाय, घरी जा!"

*

इंदापूरच्या शाळेत भाषणांचा सामना होता. बाईंनी कुसुमची आणि माझी जोडी लावली. भाषण मी लिहायचं, बोलायचं तिनं. आवाज आवरण्यासाठी मी स्टेजवर तिच्या मागं स्टुलावर बसायचं आणि तिची वेणी हातात धरायची. एक हिसका म्हणजे हळू. दोन हिसके म्हणजे थांब.

सगळं छान चाललं होतं. "या देशाच्या मुली उद्या..." इथं कुसुम पोचली आणि मला लागोपाठ दोन शिंका आल्या.

कुसुम जागच्या जागी थांबली. मी घाबरून वेणी सोडून दिली, तर तिला वाटलं, अजून थांबायचंय. सभागृह श्वास रोखून बसलं. "उद्या काय?" कुणीतरी मागून ओरडलं. कुसुम ढिम्म! शेवटी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, "त्या विरामात सगळं आलं."

*

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत इंदापूरकडचे एक तात्या होते. त्यांनी आठवड्याच्या आत आपल्या मुलासाठी कुसुमला मागणी घातली.

कुसुमचं मॅट्रिकचं वर्ष सुरू झालं होतं. पसंती झाली तर लगेच लग्न, आणि शाळा बंद.

"मुद्दाम नापसंत हो की!" नूरजहाँ म्हणाली.

"आन् माझ्या बाची मान खाली घालू?" कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी दोघी माझ्या मागं बसा. तेवढंच."

म्हणून बघण्याच्या दिवशी आम्ही बैलगाडीनं पिंपळीला गेलो आणि तिच्या मागं बसलो. पदराखालून वेणी माझ्या हातात होती.

"नाव काय पोरी?" तात्यांनी विचारलं.

घाबरल्यावर कुसुमचा आवाज आणखी चढतो. तिनं नाव सांगितलं आणि बाहेर आमचे बैल उठून उभे राहिले.

तात्या खूश! "ह्याला म्हनत्यात आवाज! हितनं हाक मारली तर मळ्यातला गडी धावत यील. पसंत!"

"तात्या," नूरजहाँ म्हणाली, "आमच्यात नुसता गुण सांगत नाहीत. दोष आणि उपायही सांगायचा असतो."

"दोष दिसतच न्हाय, तर सांगू कुठनं?"

कुसुमची पाठ ताठ झाली. आता ही ओरडून काहीतरी बोलणार आणि वडलांची मान खाली जाणार! मी दोन हिसके दिले. ती थांबली. सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली, कारण मी नकळत उभी राहिले होते आणि वेणी अजून हातातच होती.

"मुलानंही दोन शब्द बोलावेत," मी म्हणाले.

इतका वेळ त्या मुलाला कुणी काही विचारलंच नव्हतं. तो उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "आमच्याकडं एक बैल हाय." मग तो त्या बैलावर बोलला. बैलाची शिंगं, बैलाची चाल, बैलाचा स्वभाव. पोहे गार झाले, तरी बैल संपेना.

तो बसल्यावर तात्या माझ्याकडे वळले. "हां, आता सांग त्याचा गुण-दोष!"

"गुण, मनापासून बोलले. दोष, स्वतःविषयी एक अक्षर नाही. उपाय..." वर्गात बाई नेहमी म्हणतात तेच तोंडून निघालं. "पुढल्या वर्षी तयारी करून यावं."

कुसुमच्या वडलांनी कपाळाला हात लावला. तात्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि मुलाकडं पाहिलं.

"व्हय की! तयारीच न्हाय! सोयरीक जमवाय आलाईस का बैल इकाय? चल घरी. वरीसभर थांबू. तवर पोरीचं मॅट्रिक हुंदे."

*

आज मॅट्रिकचा शेवटचा पेपर झाला. कुसुम अजून आत पुरवण्या बांधत होती. मी बाहेर आले, तर शाळेच्या फाटकाशी तोच मुलगा उभा!

"तुमीच न्हवं त्या? तयारी झालीय. आयकता का?"

"कुसुम आत आहे, तिलाच..."

"नगं. आदी दोष काढनाऱ्याला आयकवतो."

त्यानं टोपी काढली, हात मागं बांधले. "गुण, मी वरीसभर थांबलो. दोष, मला अजून बैलाबिगर बोलता येत न्हाय. उपाय..."

आणि उपाय त्यानं असा सांगितला, की मी हसले आणि लगेच मला रडूही आलं, कारण तो म्हणाला, की कुसुमला विचारा, तिची जर आणखी शिकायची इच्छा असेल, तर मी आणखी

"मालेऽऽ! लिहीत काय बसलीस? ये की भाईरऽऽ!"