नऊ दिवसांच्या गोळ्या

बायकोच्या हृदयात कृत्रिम झडप बसवून अकरा वर्षं झाली होती. अशी झडप असली की तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी गोळी घ्यावी लागते, जन्मभर. गोळीनं रक्त पातळ राहतं, आणि मग पाळी आली की दहा-बारा दिवस थांबत नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नसे.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला नऊ दिवस उरले होते आणि तिची पाळी सुरू झाली. श्राद्धाचा स्वयंपाक घरच्या सुनेनंच सोवळ्यात करायचा, ही आमच्याबरोबर तंजावरहून आलेली रीत. चेन्नईत आमच्या वेस्ट मांबलममध्ये असा स्वयंपाक करून देणारी माणसं गल्लोगल्ली मिळतात. एक फोन पुरला असता. पण चुलते काय म्हणतील, या धाकानं मी तो केला नाही.

मी तिला म्हणालो, "तिथीपर्यंत गोळी नको घेऊस. आपोआप थांबेल."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं," मी म्हणालो. विचारलं नव्हतं.

पाचव्या दिवशी रक्त थांबलं. तिथीला तिनं पहाटेपासून एकटीनं सगळं रांधलं. चुलते वडे मागून मागून जेवले, आणि भाऊ जिवंतपणी एवढं कधी जेवला नाही, असं म्हणून हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं गोळी पुन्हा सुरू केली.

चार दिवसांनी मांबलम स्टेशनचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसली. मला म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, येतेच मी. संध्याकाळपर्यंत धापेनं तिला आडवंही होता येईना.

इस्पितळात पडद्यावर झडपेची दोन पानं दिसली. एक उघडझाप करत होतं, दुसरं गुठळीनं धरून ठेवलेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. पुन्हा छाती उघडावी तर हृदय अशक्त, फुप्फुसांत पाणी. टेबलावरून ती उठेलच असं नाही. त्यापेक्षा गुठळी विरघळवणारं औषध सलाईनमधून सावकाश, दिवसभर सोडायचं. त्यातही तुकडा सुटून मेंदूत जाण्याची भीती होतीच. मी सही केली.

मग त्यांनी विचारलं, गोळ्या किती दिवस चुकल्या?

"ती विसरते हो कधीकधी. एक-दोन दिवस असतील," मी म्हणालो.

ऑक्सिजनच्या मास्कवरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो. डॉक्टर तमिळमध्ये तिला रागावले, अम्मा, असं कोणी करतं का म्हणून. तिनं पुन्हा मान हलवली.

नऊ दिवस सांगितले असते तर उपचार बदलला असता का, मला ठाऊक नाही. विचारायचं धैर्य अजून झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पान हलू लागलं. तिनं रसमभात मागितला. मुलगी भरवत होती. चौथा की पाचवा घास असेल, तो ओठाच्या कडेनं बाहेर आला आणि तिचा उजवा हात पलंगावरून खाली घसरला. तीन दिवसांनी ती गेली.

त्याला आता चार वर्षं झाली. मुलगा अजून आईवर रागावलेला आहे. अम्मानं हलगर्जीपणानं जीव घालवला, असं तो माझ्यासमोर म्हणतो. मी पेपरात डोकं घालतो.

गेल्या महिन्यात मुलीला सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "अम्मानं मान का हलवली, अप्पा?"

"मला कोणी बोलू नये म्हणून."

"अण्णाला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

मुलगा रविवारी येतो. तोंडानं सांगायला गेलो तर मी पुन्हा काहीतरी गाळीन, म्हणून हे लिहिलं. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तेव्हा समोर बसवून मलाच वाचून दाखवावं लागेल.