दीड इंचाचा वाद

अहल्याबाई मोहित्यांनी एकतीस वर्षं बडोद्याच्या एका कन्याशाळेत शिवण शिकवलं. निवृत्तीनंतर घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतून मांजलपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्या, त्या शिलाई मशीन, कात्री आणि कापडी टेप घेऊन. दर खंडेनवमीला या तिघांना हळदकुंकू वाहायचं आणि मग त्याच टेपनं घरातल्यांची उंची मोजून वहीत लिहायची, असा त्यांचा शिरस्ता. पुढे नातवंडं शिकायला बाहेरगावी गेली. सून निरुपमा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सापडली होती. नंतर दरवर्षी निसटली. शेवटी वहीत अहल्याबाई एकट्याच उरल्या. तरी मोजणं थांबलं नाही.

२०१३ साली निरुपमानं ती वही चाळली. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आकडे दिसले की तिला राहवत नाही.

"आई, आठ वर्षांत तुमची उंची दीड इंच कमी झालीय. हाडं तपासून घेऊ या."

"टेप ताणली गेलीय. ताणलेली टेप कमीच दाखवते. शिवणाच्या पहिल्या धड्यात असतं हे."

खेदाची गोष्ट म्हणजे हे खरं असतं.

निरुपमानं नवी टेप आणली. "दुकानातली? ती पहिल्या दिवसापासूनच खोटी." लोखंडी टेप आणली. "लोखंड उन्हात वाढतं. तूच शिकवतेस ना?"

"तुमच्या आईंचा खुबा न्हाणीघरात मोडला. दोन वर्षं अंथरुणात काढली त्यांनी. तसंच व्हायला हवंय का?"

"ती घसरली होती. मी घसरत नाही."

तपासून घ्यायला काय जातंय, म्हणून शेजारच्या हंसाबेननी मध्यस्थी केली. "अहल्याबेन, तपास करावी लो ने. एमां शुं जवानुं?"

"हाडकां मारां छे, हंसाबेन." हाडं त्यांची, तेव्हा विषय संपला.

यात पाच महिने गेले. अहल्याबाईंनी सगळे परकर खालून दुमडून घेतले आणि हल्ली कापड उंचीला जास्त सोडतात, अशी तक्रारही नोंदवली. मुलगा आनंद दोन्ही बाजू बरोबर असल्याचं सांगून कामावर जाई.

एका रविवारी निरुपमा वैतागून भिंतीला टेकून उभी राहिली. "घ्या माझं माप. तुमच्याच टेपनं. ताणली असेल तर मीही कमी भरेन."

अहल्याबाईंनी मोजलं. वहीतलं तेवीस वर्षांपूर्वीचं पान काढलं. पाच फूट तीन. आजही पाच फूट तीन. त्यांनी निरुपमाला चप्पल काढलीस ना म्हणून विचारलं, पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. नंतर टेप गुंडाळून म्हणाल्या, "कुठे जायचंय ते सांग."

तपासणी दहा मिनिटांची निघाली. नुसतं पडून राहायचं. हाडं बरीच विरळ झालेली, मणका एके ठिकाणी दबलेला. "खुबा मोडायच्या आधी आलात, हे बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. निरुपमा पाच महिन्यांचं काहीच बोलली नाही. हे तिला फार जड गेलं असावं.

गोळी आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही.

अहल्याबाई आता दर रविवारी सहाला गोळी घेऊन ताठ बसतात, आणि आपल्यासमोर कोणी चहा घेतलेला त्यांना चालत नाही. आनंदनं पहिल्या रविवारी गॅस पेटवून पाहिला.

"बंद कर," आतून निरुपमाच ओरडली. "त्यांनी गोळी सोडली तर मला पुन्हा पाच महिने लागतील."