बारदानात शिवलेली बॅग

रईसभाई परदेशात राहून आले आहेत हे वडशात ज्याला ठाऊक नाही, तो माणूस नुकताच बदली होऊन आलेला असणार. वीसेक वर्षांपूर्वी आखातातल्या एका गोदामात त्यांनी जेमतेम दीड वर्ष खोकी बांधली, परत आले आणि राईस मिलच्या रस्त्याला जुन्या बारदानाचं दुकान टाकलं. फाटकी पोती घ्यायची, ठिगळं लावून शिवायची आणि मिलवाल्यांना विकायची. धंदा पोत्यांचा, पण नाव झालं ते परदेशाचं. तालुक्यातलं कुणाचंही पोर शिकायला बाहेर निघालं की बाप त्याला घेऊन आधी रईसभाईंकडे येई आणि आत त्यांची बायको सुलताना चहा ठेवी.

चहा ठेवून ठेवून तिला तो सगळा उपदेश पाठ झाला होता. पासपोर्टच्या झेरॉक्स काढून वेगवेगळ्या जागी ठेवायच्या. अनोळखी माणसाची पिशवी क्षणभरही हातात धरायची नाही, मग तो कितीही भला दिसो. विमानात सैल जोडा घालायचा, कारण पाय सुजतात. एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत, कारण मोठी बॅग कधीकधी भलत्याच गावाला जाते. यात खोटं काहीच नव्हतं. सुलतानाचा वैताग वेगळा होता. वाळवंटातून आलेला हा माणूस रशियाला निघालेल्या पोराला बर्फात कसं चालायचं ते सांगायचा, गोंडपिपरीहून आयर्लंडला निघालेल्या मुलीला तिथल्या पावसाबद्दल सांगायचा, आणि तेही झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात करत फिरणाऱ्या रिक्षातल्या भोंग्याच्या आवाजात.

आता घरचीच मुलगी निघाली होती. आफ्रीनने नागपूरला नर्सिंग केलं, तिथेच राहून जर्मन भाषेची परीक्षा दिली आणि जर्मनीतल्या एका इस्पितळात शिकत शिकत काम करायची जागा मिळवली. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. नाही झाली तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, असं इस्पितळाने स्वच्छ कळवलं होतं. त्यामुळे विमान चुकणं हा विषय घरात कुणी काढायचाच नाही, असं सुलतानाने ठरवून टाकलं होतं.

निघायच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तर रईसभाई ओसरीवर मांडी घालून बसलेले. समोर आफ्रीनची नवी, चाकांची, मोरपंखी बॅग. बॅगेभोवती बारदान. हातात दाभण आणि सुतळी.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"शिवून राह्यलो."

"ते दिसते मले. काऊन शिवून राह्यले?"

"चेन म्हणजे काही कुलूप नसते. पेनाचं टोक टोचलं का फाकते. आतला माल काढते आणि चेन पुन्हा सरकवून देते. पाह्यलं आहे मी डोळ्यानं." त्यांनी सुतळी दातात धरून ताणली. "आता दुहेरी टाका मारला. उघडून दाखवा म्हणा."

"पोरगी जर्मनीले चालली. तिथी पोतं घेऊन उतरंल का?"

"चोराले कळलं पाह्यजे, ह्या बॅगेत काही नाई."

शेजारच्या नीलाबाई लाडवांचा डबा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. "वैनी, रईसभाऊ हे धान कोणाकडे पाठवून राह्यले?"

"विचारा त्यांनाच," सुलताना म्हणाली. "मी थकली."

आफ्रीनने बॅगेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि नीलाबाईंच्या हातून डबा घेतला. लहानपणापासून तिची ही पद्धत होती. बापाशी वाद घालायचा नाही, वेळ आली की पाहू. बॅग दुकानातल्या काट्यावर चढली, वजन हद्दीत भरलं आणि रईसभाईंनी बारदानावर काळ्या रंगात वडसा, जिल्हा गडचिरोली असं लिहून टाकलं.

विमान नागपूरहून मुंबईला आणि तिथून पुढे जर्मनीला होतं. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर शिपायाने तिकीट नसलेल्यांना दारातच अडवलं. आफ्रीन आत गेली. हे दोघे काचेला नाक लावून उभे. आतल्या चकचकीत फरशीवरून ती बॅग अशी चालली होती, जशी लग्नाच्या मांडवात म्हैस शिरावी. लोक वळून पाहत होते. सुलतानाला वाटलं, काचेसमोरूनच नाहीसं व्हावं.

बॅग काउंटरवरून पुढे गेली आणि थोड्या वेळाने परत आली. आफ्रीनचा फोन आला.

"अब्बू, बॅगेत पॉवर बँक आहे म्हणतात. मी तर नाई टाकली."

"मी टाकल्या. दोन. एक बंद पडली तर दुसरी."

"बॅटरी खाली सामानात नाई चालत. जवळच्या पिशवीत ठेवावी लागते. उघडून काढा म्हणतात, नाहीतर बॅग जाणार नाई. काउंटर बंद व्हायला आलं."

सुलतानाने नवऱ्याकडे पाहिलं. तालुकाभर पोरांना शिकवणारा माणूस घशातल्या घशात म्हणाला, "आमच्या वेळी पॉवर बँक नव्हती."

"ते राहू द्या. सुतळीचं टोक कुठी आहे ते सांगा तिले. टोक ओढलं का टाका सुटते."

"टोक नाई."

"नाई म्हणजे?"

"आत दाबून टाकलं. गाठ मारून. कोणाले सापडू नये म्हणून."

"तुमालेही?"

रईसभाई एकदम दाराकडे गेले आणि शिपायाला म्हणाले, "साहेब, दोन मिनिटं सोडा. मी स्वतः परदेशात राहून आलो आहे."

"तिकीट आहे का काका?"

"माझी पोरगी आहे आत."

"सगळ्यांच्याच पोरी आत आहेत," शिपाई म्हणाला आणि मागच्या माणसाचं तिकीट पाहू लागला.

सुलतानाने फोन हिसकावला. "आफ्रीन, चाकाजवळचा टाका पाह्य, तिथी हात थकते त्यांचा, ढिला असंल." मागून रईसभाई ओरडत होते, "वरून नको, बाजूनं घे, बाजूनं."

"दोघं एकदम नका बोलू," आफ्रीन म्हणाली. "थांबा."

तिने फोन तसाच बॅगेवर ठेवला. काचेतून दिसलं, ती काउंटरवरच्या बाईशी बोलली. बाईने पलीकडे बोट दाखवलं. तिकडे बॅगांना प्लॅस्टिक गुंडाळून देणारा एक जण बसला होता. आफ्रीन त्याला हाताला धरून ओढावं तसं घेऊन आली. फोन चालूच होता. इकडे दोघांनी तो कानांच्या मधोमध धरला.

"हे कुणी शिवलं?" तो माणूस हसत होता. "खजिना आहे का आत?"

"माझ्या अब्बूंनी. त्यांनी शिवलेलं पोतं मिलमध्ये कधी फाटत नाई. तुमी मधून कापा, कडेनं नाई कापल्या जाणार."

ब्लेडचा आवाज ऐकू आला. रईसभाईंनी डोळे मिटून घेतले. वडसा, जिल्हा गडचिरोली मधोमध चिरून फरशीवर पडलं आणि आतून मोरपंखी बॅग निघाली. आफ्रीनने बॅटऱ्या शोधून खांद्यावरच्या पिशवीत टाकल्या, बॅग पुन्हा पट्ट्यावर चढवली आणि मान उंच करून ती आत जाईपर्यंत पाहिलं. या वेळी बॅग परत आली नाही. बोर्डिंग पास हातात आल्यावर आफ्रीनने फोन उचलला.

"झालं. निघते मी. अब्बू, पुढचं पोरगं आलं का त्याले सांगा, बॅटरी जवळच्या पिशवीत. आणि बॅग भरताना ज्याची त्याले भरू द्या."

"हो," रईसभाई म्हणाले.

ती हात हलवून तपासणीच्या रांगेत शिरली. सुलताना काचेशी उभी राहिली, पण रांगेने वळण घेतलं आणि एका उंच माणसामागे मुलगी दिसेनाशी झाली. तिने पदराने काच पुसली. काच बाहेरून स्वच्छच होती.

"चेनले कुलूप लावलं का विचारायचं राह्यलं," रईसभाई म्हणाले आणि नंबर लावू लागले.

सुलतानाने फोन त्यांच्या हातातून काढून आपल्या पर्समध्ये टाकला.

"एकदाच विचारतो."

"नाई."

"रात्री मुंबईत उतरल्यावर?"

"ती करंल फोन. नाई केला तर कामात असंल." ती चालू लागली. ते मागून आले आणि म्हणाले, "मजबूत शिवलं होतं पण."

"खूप मजबूत," सुलताना म्हणाली. "चला आता. वडसा दूर आहे."