एका हाताची वंदना

पूर्णा जंक्शनच्या रुळांपलीकडच्या बौद्धवाड्यात शहात्तर साली बायनाबाईंचा मोठा दरारा होता. नवरा लिंबाजी रेल्वेत गँगमन. बाहेर त्याचा हातोडा चालायचा, घरात बायनाबाईंची जीभ. पत्र्याच्या एका खोलीचं विहार तर त्यांनी स्वतःच्या ओसरीसारखं ताब्यात घेतलेलं. सतरंजी कशी टाकायची, मेणबत्ती कुणी लावायची, सगळं त्याच सांगणार.

शेजारच्या चतुराबाईची तान्ही पोर कडेवरून उतरायलाच तयार नसायची. डाव्या हातानं लेकरू सांभाळायचं नि उजवा हात कपाळापाशी न्यायचा, अशी तिची वंदना. एका रविवारी बायनाबाईंनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं, की दोन्ही हात जोडता येत नसतील तर इथं बसू नये. तेव्हापासून बिचारी दाराबाहेर बसू लागली.

पुढं वैशाखी पौर्णिमा जवळ आली. विहाराला चुना द्यायचा होता. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम पसंत पडेल तर त्या बायनाबाई कसल्या! तेलाच्या डब्यावर चढून एकट्याच कुंचला मारत होत्या. डबा कलंडला आणि उजवा हात मोडला. प्लास्टर पडलं, ते पौर्णिमेनंतरच निघणार होतं.

आता भाकरी थापता येईना, केस बांधता येईनात, लुगडं नेसता येईना. लिंबाजीच्या भाकरीचा तर नकाशाच व्हायचा. मग चतुराबाईनं कुणी न बोलावता येऊन त्यांची चूल पेटवली. भाकरी झाल्या की लेकरू बायनाबाईंच्या मांडीवर देऊन ती त्यांचे केस विंचरायची. त्या जुन्या बोलण्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. बायनाबाईंना तेच जास्त लागायचं.

पौर्णिमेच्या सकाळी पांढरं लुगडं नेसवून झालं, तरी बायनाबाई उठेनात. दीक्षा घेतल्यापासून त्यांची एकही वैशाखी पौर्णिमा चुकली नव्हती, पण आज विहारात कोणत्या तोंडानं जायचं? आपणच घातलेला नियम आपल्याच अंगाशी आला होता. लिंबाजी समजूत घालून थकला नि पुढं गेला. चतुराबाईनं मात्र त्यांना दंडाला धरून उठवलं, विहारात नेऊन बसवलं आणि लेकरू सावरत स्वतः त्यांच्या उजवीकडे टेकली.

वंदना सुरू झाली. बायनाबाईंनी डावा हात उचलला. तो एकटा हात त्यांना फार केविलवाणा वाटला. त्या तो खाली घेणार, तोच चतुराबाईनं आपला उजवा तळवा त्याला टेकवला.

"जोडा आक्का," ती हळूच म्हणाली. "दोन हात झाले की हे."

वंदनेतले शरण जाण्याचे शब्द बायनाबाईंना वर्षानुवर्षं तोंडपाठ होते; शरण जाणं म्हणजे काय, ते त्या खरखरीत तळव्याला तळवा लागल्यावर कळलं. फार बरं वाटलं त्यांना. डोळे वाहत होते, पुसायला हात मोकळा नव्हता, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

ज्येष्ठात प्लास्टर निघालं. पुढच्या रविवारी त्या विहारात आल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा जुन्या बायनाबाई बघायला मिळणार. त्यांनी आल्या आल्या चतुराबाईच्या कडेवरची पोर आपल्या मांडीवर ओढून घेतली.

"तू जोड आज दोन्ही हात," त्या म्हणाल्या. "लय दिस जोडायचे राहिलेत तुजे."

आणि डाव्या हातानं लेकरू धरून, नुकताच बरा झालेला उजवा हात कपाळापाशी नेऊन, त्यांनी वंदना केली.