बिजागरी तात्यांची बोटं

लॅपटॉप दुरुस्तीला आला की बिजागरी तात्या तो लगीच उघडायचं न्हाईत. टेबलावर ठेवून चारी कडांवरनं बोट फिरवायचं. बाजारात म्हस घेताना जानता मानूस तिच्या पाठीवरनं हात फिरवतो, तसं. मग गिऱ्हाइकाला सांगायचं, "उजव्या कोपऱ्याला धरून उघडताय तुमी. एका हातानं. दुसऱ्या हातात च्याचा कप." तात्यांचं दुकान इंदापुरात, यष्टी स्टँडच्या मागच्या गल्लीत. आत दोन मानसं बसली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पयलं रेडिओ, मग टीव्ही, मग लॅपटॉप, समदं त्येंनी केलं. पन मोडकी बिजागरी बसवावी तर तात्यांनीच, म्हनून हे नाव पडलं.

माजी त्येंची वळख माज्या गाढवपनातनं झाली. मी शेळगावचा, कारखान्याला ऊस वाहनारा ट्रॅक्टर डायवर. शाळा तिसरीपतुर. चौथीत मास्तरांनी घेतलं न्हाय आनि मी बी हट्ट धरला न्हाय. पोरगी मातर बारामतीला कालिजात, तिला लॅपटॉप घेतलेला. वर्षभरात त्याचं झाकन उघडताना करकर वाजाय लागलं. आता माजा पंधरा वर्सांचा अनुभव असा, की जे वाजतंय त्याला ग्रीस कमी हाय. पोरगी अंघुळीला गेली तवा ट्रॉलीच्या हुकाला घालतो त्यातलंच बोटभर ग्रीस मी त्या फटीत कोंबलं आनि धा-बारा येळा झाकन उघडझाप केलं. तेराव्या येळेला एक कोपरा हातात आला.

वारंटी पंधरा दिवसामागं संपलेली. कंपनीच्या सेंटरातला मानूस मला 'सर' म्हनाला. जन्मात पयल्यांदा कुनी सर म्हनलं, मला वाटलं काम झालं. तो म्हनाला, "सर, नुसती बिजागरी मिळत नाही. स्क्रीनसकट वरचा सगळा भाग बदलावा लागेल. आणि आत हे तेलकट काय आहे?" मी म्हनलं, "कंपनीतनंच आलं आसंल की." त्यानं वास घेतला आनि पुन्ना काय सर म्हनला न्हाय.

तात्यांनी बी वास घेतला. "कुनी घातलं?"

"पोरीनं."

"पोरगी ट्रॅक्टर चालवती व्हय?"

मग ग्रीस पुसता पुसता ते कंपनीवर घसरलं. ही त्येंची रोजची आरती. "वारंटी बारा महिन्याची आनि प्लास्टिक तेरा महिन्याचं. बिजागरी लोखंडाची, आनि तिला धरून ठेवलंय कुनी, तर प्लास्टिकाच्या चार टिकल्यांनी. बैलगाडीला पुठ्ठ्याचं जू केल्यावर बैलाला कशाला शिव्या?" असं म्हनून त्येंनी ॲल्युमिनियमची पट्टी कापून आतनं बसवली. तो लॅपटॉप पोरगी आजून वापरती.

उसाचा हंगाम सरून कारखाना बंद झाला की माजा ट्रॅक्टर मोकळा आनि मी बी. मी तात्यांच्या दुकानात जाऊन बसाय लागलो. तिथं मसाल्याचा एक डबा व्हता, घरात असतो तसला, आत वाट्या. त्यात स्क्रू. बारक्याला तात्या मोहरी म्हनायचं, मधल्याला जिरं, लांबड्याला लवंग. अंगठा आनि एका बोटाच्या चिमटीत स्क्रू धरायचं आनि न बगता वाटीत टाकायचं. मी म्हनायचो, "तात्या, फोडनी कवा देताय?" ते म्हनायचं, "तू गप बसलास की."

न बगता का टाकत्यात, हे मला लई उशिरा कळलं. एकदा त्येंनी मला इचारलं, "डायवर, ही वायर तांबडी की काळी?" मी खिदळत म्हनलं, "का तात्या, आंधळं झाला का काय?"

"व्हय," तात्या म्हनालं. "उजवा गेलाय. डावा चाललाय. शुगर."

मी तोंड घालायला जागा हुडकत व्हतो. ते म्हनालं, "कुनाला बोलू नगंस. मानसं आंधळ्याला भीक देत्यात, लॅपटॉप न्हाय देत." तवापासनं मी रंग सांगायचो आनि बाकीचं समदं त्येंची बोटं करायची. वायरीची टोपी कुठं बसती, पट्टी कुठं चिरली, बोट लावलं की सांगायचं. मला वाटायचं मी तात्यांचा डोळा झालोय. घरी बायकूला बी सांगितलं. ती म्हनली, "तात्यांनी जरा बरा बगून घ्यायचा व्हता."

बरोबर बोलली.

भवानीनगरची एक पोरगी आली. घरनंच कुठल्या तरी कंपनीचं काम करायची, नवंच लागलेलं. तिच्या बी लॅपटॉपाची तीच गत, बिजागरी उखडलेली, वारंटी संपलेली, सेंटरात तेच उत्तर. तात्यांनी पट्टी बसवली. खालचं झाकन लावायचं तेवढं ऱ्हायलं. ते हात धुवाय मागं गेलं आनि मी टेबलाखालचं फडकं उचलाय वाकलो, तर माजं कोपर डब्याला लागलं. मोहरी, जिरं, लवंग, समदं फरशीवर. पोरगी पायरीवर फोनवर बोलत व्हती, तिनं बगितलं न्हाय. मी भराभरा गोळा करून दिसंल तसं वाट्यांत भरलं.

"काय पडलं रं?" मागनं तात्यांनी इचारलं.

"काय न्हाय, च्याचा कप."

ते येऊन बसलं. मोहरीच्या वाटीतनं एक एक स्क्रू घेऊन लावाय लागलं. चौथा घेतला आनि चिमटीतच थांबलं. पुन्ना फिरवून बगितला.

"डायवर, ही मोहरी जरा लांब लागती."

मी बगितलं. लांबच व्हता. पन तांदळाच्या कनीएवढा फरक. आमच्याकडं बोल्ट दोन सूत लांब आसंल तर वायसर टाकायचा आनि आवळायचा, ट्रॅक्टर कधी कुरकुरत न्हाय. आनि खरं सांगायचं तर डबा सांडलेला कबूल करायची लाज वाटली. मी म्हनलं, "मोहरीच हाय तात्या. मी बगतोय की."

तात्यांनी माज्या डोळ्यावर इसवास ठेवला आनि तो आवळला. बटन दाबलं. करपल्याचा वास आला. मला कळलं, तात्यांना सांगितलं न्हाय: लांब स्क्रूचं टोक आतल्या मदरबोर्डाच्या पाटीत घुसलं व्हतं, आनि ती पाटी मंजी आख्खा लॅपटॉपच.

पोरगी भांडली न्हाय. एवढंच म्हनली, "तात्या, सोमवारी सकाळी मला कामावर हजर व्हायचंय. ह्याच्यावरनंच."

"पोरी, चूक माजी," तात्या म्हनालं. आनि फळीवरचा सोताचा लॅपटॉप काढून तिच्या हातात दिला. "हा तुजा. ह्यात काय न्हाय माजं." मी तितंच बसलो व्हतो, त्या दोगांच्या मदी. एरवी एका शब्दाला धा बोलनारा मी.

दुसऱ्या आठवड्यात त्येंनी दुकान सोडलं. मी इचारलं, "का वो तात्या?"

"डोळं गेलं त्याचं काय न्हाय, गड्या. बोटांवर चाललं व्हतं. त्या दिवशी बोटाला मोहरी लवंगंएवढी लागली. तू बगितलंस म्हनून कळलं तरी, ती मोहरीच व्हती. माजा हात कुठं तरी घसरला आसंल. डॉक्टर म्हनला व्हता, शुगरनं बोटं बी बधिर व्हत्यात. झाली."

तवा सांगायचं व्हतं. मी काय म्हनलं ठावं हाय? "आता आराम करा की, लई नटबोल्ट झालं." आनि हसलो बी.

तात्या बारामतीला लेकीकडं गेलं. मी दोनदा सांगायचं ठरवून गेलो आनि दोनदा च्या पिऊन आलो. तिसऱ्यांदा गेलो तवा लेक त्येंच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत व्हती. मला म्हनली, "अहो काका, तात्यांना येतं समदं, पन हातच लावत न्हाईत. म्हनत्यात, मला कळत न्हाय." लॅपटॉपाच्या पोटातली केसाएवढी वायर जागेवर बसवनारा मानूस.

ती आत गेली. तात्यांनी औषिदाच्या दोन गोळ्या माज्या म्होरं धरल्या. "सकाळची मोठी, रातची बारकी. ह्यातली मोठी कंची? मला ही वाटती, पन माज्या वाटन्याचं काय खरं."

"हीच हाय तात्या. बरोबर वळखली. तुमची बोटं चांगली हाईत. त्या दिवशी बी चांगलीच व्हती. डबा मी सांडला व्हता. तो स्क्रू लांबच व्हता."

तात्या हसलं. माजा गुडघा थोपटला. म्हनालं, "मला बरं वाटावं म्हनून किती करशील रं. लई मया तुजी."

मी आईची शपथ घेतली, पोरीची घेतली. ते हसतच ऱ्हायलं. जन्मभर थापा मारून लोकांना हसवलं, त्याचं हे असं झालं. त्याच महिन्यात तात्या गेलं.

म्हनून आता मी भेटंल त्याला सांगतो. दुकान ज्येंना ठावं हाय त्येंना, ज्येंना ठावं न्हाय त्येंना बी. लोकं म्हनत्यात, म्हातारपनी तात्यांचा हात गेला. न्हाय गेला. तांदळाच्या कनीएवढा फरक त्येंना चिमटीत कळला व्हता.