पियानोच्या पोटातल्या अक्षता

लाकडाच्या पोटात तांदळाचे दाणे घरंगळले, तो आवाज अगदी बारीक होता. तरीही कुंकवाने ओला झालेला माझा हात हवेतच थिजला.

ऑनलाइन मागवलेला पियानो त्याच सकाळी घरात आला होता. नव्या वस्तूला हळदकुंकू वाहायचं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता टाकायच्या. हात सवयीने चालला आणि पट्ट्यांवरचं झाकण उघडं आहे, याचं भान राहिलं नाही. मधली पट्टी दाबून पाहिली. ती खालीच राहिली.

रविवारी याच पियानोवर माझी मुलगी परीक्षेचं वादन करणार होती. त्याचं चित्रीकरण पाठवायचं होतं.

कंपनीला फोन केला. "मॅडम, आमचा माणूस वीस दिवसांनी येईल. तोवर काही उघडू नका, वॉरंटी जाईल." आवाज इतका गोड होता की मला अधिकच भीती वाटली.

पियानो मागवण्याआधी आम्ही गेलो होतो, त्या द्वारका चौकाजवळच्या वाद्यांच्या दुकानातल्या वृद्ध मालकांनी मुलीला तासन्‌तास वाजवू दिलं होतं, आम्हाला चहा पाजला होता. "ताई, पियानो बोटांनी निवडायचा, फोटोवरून नव्हे." मी मान डोलावली होती आणि घरी येऊन फोटोवरूनच निवडला होता. आता त्यांचा नंबर दोनदा लावला, दोनदा तोडला. तिसऱ्यांदा त्यांनी फोन उचलला. मी घडलेलं सांगितलं.

"अक्षता टाकल्यात? मग मंगलाष्टकंही उरकलीत का?"

मला हसता येईना. रविवारी मुलीची परीक्षा आहे, एवढंच म्हणाले.

"येतो."

ते आले, पुढची फळी सोडवू लागले. "वॉरंटी जाईल बरं का."

"जाऊ दे," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही.

त्यांनी एकेक पट्टी दातासारखी उपसून सोफ्यावर मांडली. कोऱ्या लाकडाचा, लोकरीचा वास खोलीभर पसरला. चिमट्यात फुगलेले लाल दाणे येत होते. पट्टीखालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, ओला होता.

"हा नीट सुकला नाही, तर पट्टी पुन्हा अडकेल."

केस वाळवायच्या यंत्राची ऊब ते दुरूनच देत राहिले. मुलीची शाळा सुटायची वेळ जवळ येत होती. पट्ट्या परत बसल्या, तरी त्या उघड्या जबड्यासारख्याच मला दिसत होत्या. मी दाराची चौकट घट्ट धरून उभी होते.

त्यांनी स्वतः हात लावला नाही. स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"वाजवा. आता तरी बोटांनी पाहा."