मल्लूची हाक

दारातून आत आले की ते चपला काढायचे, खुर्चीवर बसायचे आणि दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढे धरायचे. "बांधा, मास्तर."

दोरी त्यांच्याच खिशात असायची. मी बांधायचो. बायको चहा घेऊन बाहेर यायची आणि पाहुण्याचे हात बांधलेले बघून कप कुणाच्या हातात द्यावा या विचारात उभी राहायची. पहिल्यांदा तर तिला आमचं भांडण झालंय असंच वाटलं होतं.

ते मुलांसाठी साहसकथा लिहीत. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. दिवसा गिरणीत कापडाचे तागे तपासायचे आणि संध्याकाळी लिहायला बसायचं, असा त्यांचा क्रम. मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि शुक्रवार पेठेतल्या एका प्रकाशकासाठी मुखपृष्ठं काढायचो. त्यांच्या पुस्तकांचीही मीच काढली. घरी ते तेलुगू बोलत. मराठी त्यांनी शाळेतून आणि पुस्तकांतून उचललेली, त्यामुळे चहात साखर कमी आहे हेसुद्धा ते छापल्यासारखं सांगत.

तुम्हीही लहानपणी तसली पुस्तकं वाचली असतील. चोर नायकाला खांबाला बांधून निघून जातात, त्याला जवळच काचेचा तुकडा सापडतो आणि पुढच्या ओळीत तो मोकळा. हे वाचलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "करून बघितलं का कुणी?" ते विचारायचे. त्यांनी करून बघितलं होतं. दोरी अर्धीसुद्धा तुटली नाही, अंगठा मात्र कापला, आणि त्याला पट्टी बांधून ते गिरणीत गेले. म्हणून त्यांचा नायक मल्लू, एका हातमागवाल्याचा मुलगा, काचेच्या वाटेला जात नसे. बांधून घेतानाच तो मनगटं तिरकी धरायचा, म्हणजे मागाहून दोरी ढिली पडते. ही युक्ती आमच्याच खुर्चीवर सिद्ध झाली होती, चहा पार गार झाल्यावर.

मुलं-सुना असलेल्या माणसाने हे सगळं कशासाठी करायचं, याचं मला फार कुतूहल. एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "मुलं विश्वास ठेवतात हो. उद्या एखादा खरोखरच अडकला तर?"

मग विहिरीची गोष्ट आली. चोर मल्लूला कोरड्या विहिरीत सोडून जातात. अंगावर पांघरायची एक चादर, एवढंच त्याच्याजवळ. तिच्या पट्ट्या फाडून, पीळ देऊन दोर करायचा, तो वर फेकून काठावरच्या झाडाच्या बुंध्यात अडकवायचा आणि वर यायचं, असा त्यांचा बेत होता. दुष्काळाचे दिवस, सांगोल्याकडे कोरड्या विहिरींना तोटा नव्हता. एका रविवारी आम्ही एसटीने गेलो. त्यांच्या काखेत सोलापुरी चादर आणि माझ्या पिशवीत दोर.

गावाबाहेरच्या माळावर तशी विहीर मिळाली. दोर धरून ते खाली उतरले आणि मला म्हणाले, "आता दोर ओढून घ्या आणि लांब बाभळीखाली जाऊन बसा. मल्लूला वर कुणी नाही. मी हाक मारल्याशिवाय यायचं नाही."

मी बाभळीखाली बसून मेंढवाड्यांची चित्रं काढू लागलो. आधी दगड घसरल्याचे आवाज येत होते, नंतर तेही थांबले. मी उठायचो, त्यांचा शब्द आठवून पुन्हा बसायचो. उन्हं कलायला लागली तेव्हा एक धनगरीण मेंढरं घेऊन तिकडून आली. माळावर एकटा काय करतोस, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने मला एकवार खालीवर न्याहाळलं आणि ती सरळ विहिरीकडे निघाली. मी मागोमाग.

ते तळाशी बसले होते. चादरीच्या चिंध्या झालेल्या, बोटं सोललेली, एक गुडघा टम्म सुजलेला.

"अवो दादा, हाक तरी मारायची की," ती म्हणाली.

खालून शुद्ध मराठीत उत्तर आलं, "नायक हाक मारत नाही, बाई."

नायक कोण, हे तिला कळायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, "त्यो न्हाय मारत तर न्हाय मारू दे. तुमी मारा की."

मी दोर सोडला. टाचा रोवून तिने माझ्यापेक्षा जास्त जोर लावला आणि ते कसेबसे वर आले. त्या गावाला पाणी टँकरने यायचं. तरी तिने आपला तांब्या त्यांच्यापुढे धरला. दोन घोट घेऊन ते परत द्यायला लागले, तर तिने तो परत त्यांच्याकडेच लोटला. "मेंढरू पडलं तर वरडतंय," ती म्हणाली. "त्येला कळतंय, वर कोनतरी असतंय."

परतीच्या एसटीत ते हळू आवाजात सांगू लागले. गुडघा दुखावला तेव्हाच त्यांना खरी भीती वाटली होती. हाक मारायला तोंडही उघडलं, पण आवाज फुटेना. मी वर आहे हे ठाऊक असून फुटेना. शेवटी म्हणाले, "माझी पुस्तकं वाचून एखादं पोर असंच गप्प बसून राहिलं तर, मास्तर?"

पुस्तक लिहून झालं. त्यात मल्लू सगळ्या युक्त्या करतो, सगळ्या फसतात, आणि मग तो हाक मारतो. मेंढरं घेऊन चाललेली एक बाई त्याला वर काढते. प्रकाशकाला हे मुळीच पटलं नाही. मल्लूने स्वतःच्या बळावर वर यावं, नाहीतर पोरं पुस्तकाला हात लावणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. एरवी ते प्रकाशकाशी कधी वाद घालत नसत. त्या दिवशी "मी करून बघितलंय" एवढंच म्हणाले, बाड उचललं आणि दुकानाची पायरी उतरले. थोडे पुढे गेल्यावर प्रकाशकानेच त्यांना हाक मारली.

अट एकच पडली, मुखपृष्ठावर मल्लूच्या दातांत सुरा हवा. मी आ वासून ओरडणारा मल्लू काढून दिला. प्रकाशक म्हणाला, ही तर दातदुखीच्या औषधाची जाहिरात वाटते. पण छापलं.

पुस्तक बेताचंच चाललं आणि ते त्यांचं शेवटचं ठरलं. गिरणीचं काही खरं राहिलं नव्हतं. ते थोरल्या मुलाकडे भिवंडीला गेले, आणि पुढे बऱ्याच दिवसांनी ते वारल्याचं त्यांच्या भाच्याकडून कळलं. आमची पुन्हा भेट झाली नाही.

ते भिवंडीला गेल्यानंतरची एक मधली सुट्टी आठवते. शाळेत नव्या खोलीच्या पायाचा खड्डा खणला होता आणि तिथून मुलांचा गलका ऐकू येत होता. भांडण असेल म्हणून मी व्हरांड्यात आलो. मल्लूच्या विहिरीचा खेळ चालला होता, पण मल्लू व्हायला कुणीच तयार नव्हतं. मुलं काय, मुली काय, सगळ्यांना मेंढरंवाली बाई व्हायचं होतं. रिकाम्या खड्ड्याच्या काठावर ती सगळी पालथी पडली होती, आणि हात पुरतील तितके खाली सोडून, आत कुणी आहे का ते बघत होती.